18 वर्षं फौजेत नेम धरला, मग 10 मीटरवर का चुकतो?

पत्र: ताई, नमस्कार. मी 18 वर्षं फौजेत होतो, इन्फन्ट्रीत. चांदमारीत, म्हणजे नेमबाजीच्या सरावात, माझं नाव होतं, पलटणीच्या फायरिंग टीममध्ये पण होतो. घरी येऊन 3 वर्षं झाली, वय 43. रायफलची आठवण येते, कुणाला सांगितलं तर विचित्र वाटेल म्हणून सांगत नाही. मागच्या महिन्यात एका क्लबात जाऊन पहिल्यांदाच 10 मीटर एअर रायफल चालवली, 10 शॉटमध्ये 81 आले. शेजारच्या लेनवर 14 वर्षांची मुलगी होती, तिच्या स्क्रीनवर 102 होते. मी रायफल ठेवली आणि कुणाशी न बोलता निघून आलो. नळीच्या टोकाजवळची, नेम धरायची पुढची साईट पण आता धूसर दिसते. नंतर एका मोठ्या रेंजवर गेलो तर बाजूच्याने अचानक मोठ्या बोअरची, म्हणजे मोठ्या गोळीची रायफल झाडली, मला दरदरून घाम फुटला आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. बायको म्हणते आयुष्यभर बंदूकच केली, आता घरात नको. तिचं ऐकू का? की वय गेलं असं समजून सोडून देऊ? – एक जुना फौजी

दादा, नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना "कुणाशी न बोलता निघून आलो" या वाक्यावर अडकले, कारण माझा मोठा भाऊ अगदी असाच निघून गेला होता, आणि तेव्हा कोच म्हणून त्याच्यामागे मीच उभी होते. त्याचं सांगतेच, पण आधी तुमच्या 81 चा हिशोब मांडू द्या, कारण तुम्ही तो चुकीच्या वहीत मांडलाय.

10 मीटरच्या टार्गेटवर 10 ची खूण म्हणजे फक्त अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका असतो, पेनने पूर्णविराम दिल्यासारखा. छर्रा स्वतःच 4.5 मिलिमीटरचा, म्हणजे जिथे मारायचं ती जागा मारणाऱ्या वस्तूपेक्षा लहान. इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर मार्क दशांशात येतात, अगदी मधोमध लागला तर 10.9, म्हणून त्या मुलीचे 10 शॉटमध्ये 102 होऊ शकले. आता मिलिमीटरमध्ये बघा. 8 चा शॉट म्हणजे छर्रा मध्यापासून साधारण 7 मिलिमीटर लांब, 10.2 चा शॉट म्हणजे 2 मिलिमीटर लांब. तुमच्यात आणि तिच्यात 5 मिलिमीटरचा फरक आहे दादा, एवढाच. आणि तुमचे 7 मिलिमीटर त्याच कोनात 100 मीटरपर्यंत न्या, 7 सेंटीमीटर होतात, 200 मीटरवर 14. उभं राहून, परक्या रायफलवर, 3 वर्षांनी. फौजेच्या वहीत यातला एकही शॉट मिस नाही, आणि हे तुमच्या उस्तादांनी मान्य केलंच असतं.

फौज जे शिकवते ते तिच्या कामापुरतं शिकवते आणि ते काम वेगळं आहे. पूर्वी सैन्यातसुद्धा बरंचसं शिक्षण ठराविक अंतरावरच्या गोल टार्गेटवर चालायचं. अमेरिकेच्या सैन्याने 1950 च्या दशकात ते बदललं आणि माणसाच्या आकाराची, अचानक उठणारी, गोळी लागली की पडणारी टार्गेटं आणली, कारण लढाईत समोरचा गोल आखून बसलेला नसतो, आधी तो दिसला पाहिजे, मग लगेच ठरवलं पाहिजे, मग लागलं पाहिजे, कुठेही. पुढे इतर सैन्यांतही हीच पद्धत रुळली. अशा टार्गेटवर छातीच्या मधोमध लागलं काय आणि बरगडीच्या कडेला लागलं काय, ते पडतंच, आणि पडलं की तुमचं लक्ष पुढच्यावर. 18 वर्षं तुमच्या हातांना, डोळ्यांना, मानेला हेच सांगितलं गेलं की पुरेसं नेमकं आणि लवकर, आणि मग पुढचं. ते त्यांनी इतकं चांगलं शिकून घेतलंय की आता 10 मीटरवर ते तुमचं ऐकत नाहीत.

आता भावाची गोष्ट. 15 वर्षं नोकरी करून आला होता, नेम पक्का, हातात ताकद. मी त्याला मॅचची एअर रायफल दिली, त्याने दस्ता खांद्याला लावला, गाल टेकवला आणि मी काही सांगायच्या आत शॉट सुटला. त्याने तर नेमही धरला नव्हता. फौजेच्या रायफलचा चाप म्हणजे काही किलोंचा जोर लागतो, त्यावर बोट ठेवलं तरी काही होत नाही, ओढावं लागतं. मॅच एअर रायफलच्या चापाला नियमात कमीत कमी वजनाची अटच नाही, त्यामुळे बहुतेक जण तो 100 ग्रॅमच्याही खाली ठेवतात, बोटाची नुसती त्वचा दाबली गेली तरी सुटतो. तो चिडला, रायफल बिघडलीये म्हणाला आणि तसाच निघून गेला. परत आला तेव्हा मी छर्रा न घालता तोच चाप त्याला 40-50 वेळा दाबायला लावला, फक्त बोटाचं टोक बघत, टार्गेटकडे बघायचंच नाही. पहिल्या टप्प्यात चाप थोडा मागे येतो, मग बारीकशी भिंत लागते, त्या भिंतीला टेकून थांबता येतं. ती भिंत बोटाला सापडेपर्यंत त्याला नेम धरायला दिलाच नाही. तुमच्या 81 मधले किती शॉट तुम्ही मारले आणि किती आपोआप सुटले, हे आठवून बघा, मला तर वाटतं निम्मे तरी सुटलेले असणार.

पण चाप सुधारल्यावरही त्याचे शॉट वर जात होते, दहातले चार-पाच. मी बाजूला जाऊन फक्त त्याचा गाल बघत बसले. शॉट झाला रे झाला की गाल दस्त्यावरून उठायचा, डोळा साईटच्या वरून टार्गेट शोधायचा. लागलं का बघायची सवय. फौजेच्या रायफलवर ही सवय लपून जाते कारण गोळी साधारण 900 मीटर सेकंदाला या वेगाने निघते, तुमचं डोकं हलेपर्यंत ती कुठल्या कुठे. एअर रायफलचा छर्रा सेकंदाला 170-175 मीटर, म्हणजे पाचपट हळू, आणि नळीतून बाहेर पडायलाच त्याला तुलनेने खूप वेळ लागतो. त्या वेळात मान उठली की नळी हलते आणि छर्रा हललेल्या नळीतून निघतो. म्हणून शॉट झाल्यावर दोन-तीन सेकंद तसंच राहायचं, गाल तिथेच, बोट चापावर तसंच मागे, डोळा पुढच्या साईटवर. याला फॉलो थ्रू म्हणतात आणि फौजेतून आलेल्याला सगळ्यात जड हेच जातं, असं मी पाहिलंय. भावासाठी मी नळीवर पुढच्या साईटच्या मागे एक नाणं ठेवायचे, छर्रा नाही, नुसता चाप, आणि नाणं पडता कामा नये. पहिल्या दिवशी सारखं पडत होतं, टणकन आवाज यायचा आणि तो दात आवळायचा. दहाव्या-बाराव्या दिवशी नाणं राहायला लागलं आणि त्याच दिवशी त्याने स्वतःहून सांगितलं की शॉट सुटताना साईट कुठे होती ते मला दिसलं. फौजेतल्या एवढ्या वर्षांत ते त्याला कधी दिसलं नव्हतं.

उभं राहण्याची पद्धतही नव्याने शिकावी लागेल. फौजेत आपण टार्गेटकडे छाती करून, पुढे झुकून उभे राहतो, धक्का अंगावर घ्यायचा असतो आणि लगेच दुसरी गोळी मारायची असते. एअर रायफलला धक्काच नाही. इथे टार्गेटकडे कूस करून उभं राहायचं, कंबर पुढे, पाठ थोडी मागे कलती, डावा कोपर सरळ कंबरेच्या हाडावर टेकलेला, आणि रायफलचं वजन, जे साडेपाच किलोपर्यंत चालतं, ते हातावरून हाडात आणि हाडातून पायात उतरवायचं. स्नायूंनी धरायची नाही, ताकदवान माणूस इथेच फसतो कारण तो धरून ठेवू शकतो, आणि धरून ठेवलेली रायफल थरथरतेच. पण यातलं एक तुम्हाला येतं. पालथं पडून फायरिंग करताना डोळे मिटायचे, श्वास सोडायचा, डोळे उघडून बघायचं की साईट आपोआप कुठे आलीये, आणि बाजूला असेल तर हाताने न ओढता अख्खं अंग सरकवायचं, हे तुम्ही केलेलं असणार. उभं राहूनही तेच, फक्त सरकवायचे पाय. हे त्या मुलीला शिकायला बरेच महिने लागले असतील, तुम्हाला आठवडा लागेल.

श्वासाचंही तसंच. दम साधायला तुम्हाला शिकवायची गरज नाही, पण फौजेत दम साधला की गोळी जातेच. इथे श्वास थांबवल्यावर 5 ते 8 सेकंदांत शॉट झाला नाही तर रायफल खाली घ्यायची. त्यापुढे डोळ्याला दिसणं कमी होत जातं आणि हात कापायला लागतो, पण मन म्हणतं आता एवढं धरलंय तर मारूनच टाकू. तो शॉट 8 चा. मॅचमध्ये 60 शॉटना 75 मिनिटं मिळतात, म्हणजे एकेका शॉटला सव्वा मिनिट, इतका वेळ फौजेने तुम्हाला कधी दिला होता का? रायफल खाली घ्या, श्वास घ्या, परत या. न मारलेला शॉट कुठल्याच स्क्रीनवर दिसत नाही आणि नवीन माणसाची खरी प्रगती तिथेच चाललेली असते. मी तर पहिले दोन महिने दर सिरीजमध्ये, म्हणजे 10 शॉटमध्ये, कमीत कमी तीनदा रायफल खाली घ्यायचीच असा नियम लावते, शॉट चांगला वाटत असला तरी.

डोळ्यांचं ऐका, ते बिघडलेले नाहीत. चाळिशीनंतर जवळचं धूसर होतंच आणि पुढची साईट डोळ्यापासून साधारण मीटरभरावर असते, वाचायच्या चष्म्याला लांब आणि लांबच्या चष्म्याला जवळ. डोळ्याच्या डॉक्टरांकडे जाताना मीटरभराचं अंतर मोजून सांगा आणि त्या अंतराला जमेल असा एकाच नंबरचा चष्मा फक्त शूटिंगसाठी करून घ्या. प्रोग्रेसिव्ह चष्मा यात चालत नाही, कारण दस्त्यावर गाल टेकवल्यावर तुम्ही काचेच्या कोपऱ्यातून बघता. मागच्या साईटचं छिद्र लहान केलं तरी स्पष्टता वाढते, फार लहान केलं तर अंधारतं, कोचला विचारून मधलं धरा. आणि दुसरा डोळा मिटू नका, मिटला की चेहऱ्याचे स्नायू ओढले जातात आणि उघडा डोळाही थकतो, चष्म्याच्या त्या काचेवर दुधी रंगाची पट्टी लावा, काळी नको. टार्गेट थोडं धूसर दिसलं तर दिसू दे, साईट लख्ख हवी.

आता त्या रात्रीबद्दल, आणि हे मी जपून लिहितेय. शेजारी मोठी रायफल सुटल्यावर तुम्हाला घाम फुटला यात भित्रेपणा नाही की कमकुवतपणा नाही. त्या आवाजाशी तुमच्या शरीराने 18 वर्षं एक अर्थ जोडलेला आहे, रेंजवर आपण मजेसाठी आलोय हे डोक्याला कळतं, शरीराला तेवढ्या पटकन कळत नाही. असं एकदाच झालं असेल तर सध्या मोठ्या बोअरच्या रेंजपासून लांब राहा, एअर रायफलचा आवाज म्हणजे नुसता पट् असा असतो, त्यावर शरीर हळूहळू शिकतं. पण झोप वरचेवर उडत असेल, दार आपटलं तरी दचकायला होत असेल, चिडचिड वाढली असेल, मन उतरत असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला, शक्यतो फौजी लोकांबरोबर काम केलेल्या मानसोपचाराच्या डॉक्टरांशी, आणि बायकोला बरोबर न्या. आणि तोवर घरात कुठलीही बंदूक आणू नका. स्पष्टच लिहिते, मन खचलेलं असताना हाताशी बंदूक असणं धोक्याचं असतं, आणि रायफल चालवण्यात तरबेज असलेल्या माणसाला तर जास्तच. याबाबतीत वहिनी बरोबर आहेत, त्यांनी सांगितलेलं ऐका. त्या तुम्हाला शूटिंगपासून अडवत नाहीयेत, बंदूक घरात नको म्हणताहेत, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्लबची रायफल वापरा, ती क्लबातच कुलपात राहू दे, पहिली 2-3 वर्षं स्वतःची लागतही नाही. नंतर घ्यायचं ठरलंच तर एअर रायफल असली तरी तुमच्या ठिकाणचा परवान्याचा नियम आधी नीट बघा, तो जागोजागी वेगळा असतो.

एकदा त्यांना रेंजवर घेऊन जा. तुम्ही न बोलता उभे राहून शॉट मारताय, शांत आहात, शेजारी पोरं छर्रे मोजताहेत, हे त्यांनी बघितलेलं नाही. त्यांच्या डोळ्यासमोर बंदूक म्हटलं की ती 18 वर्षं येतात, दारात पोस्टमन आला की पोटात गोळा येणारी.

कानांचं पण तपासून घ्या, ते लोक विसरतातच. 140 डेसिबलच्या वरचा एकच आवाजही कानाला कायमची इजा करू शकतो आणि मोठी रायफल त्याच्या बरीच वर जाते. उजव्या खांद्यावरून मारणाऱ्याचा डावा कान नळीच्या तोंडाला जास्त जवळ असतो, म्हणून फौजेतून आलेल्या कितीतरी जणांना डाव्या कानाने कमी ऐकू येतं किंवा सतत सूं सूं वाजत असतं. पुढे कधी मोठ्या रेंजवर गेलात तर आत बोळे आणि वरून कानटोप, दोन्ही. आणि छर्रे शिशाचे असतात, रेंजवर काही खायचं नाही, घरी यायच्या आधी साबणाने हात धुवायचे, रेंजचे कपडे वेगळे धुवायचे, घरात लहान मूल असेल तर हे आणखी कडक पाळा.

वय गेलं का, हे विचारलंत. कारोली ताकाच नावाचा हंगेरीचा सैनिक होता, पिस्तूलवाला. 1938 मध्ये सैन्यातल्या सरावात ग्रेनेड फुटून त्याचा उजवा हात, नेमाचाच हात, गेला. त्याने डाव्या हाताने पहिल्यापासून शिकायला घेतलं आणि 1948 आणि 1952 अशा दोन ऑलिम्पिकमध्ये 25 मीटर रॅपिड फायर पिस्तूलचं सुवर्णपदक घेतलं, पहिलं वयाच्या 38 व्या वर्षी. तुम्ही पदक आणा म्हणून हे सांगत नाहीये. त्याच्या उजव्या हाताला सगळं येत होतं आणि तरी डाव्या हाताला त्याने नवशिक्यासारखं शिकवलं, ते मला तुमच्यासाठी हवंय. जुन्या हाताचे मार्क तो नव्या हाताकडे मागत बसला असता तर आठवड्यात सोडलं असतं.

पुढचा रस्ता कुठला हे आत्ता ठरवायची घाई नको, पण कल्पना असू दे. पालथं पडून, स्लिंग म्हणजे रायफलचा पट्टा दंडाला घट्ट लावून मारणं तुम्हाला आवडत असेल, आणि बहुतेक फौजी लोकांना तेच आवडतं, तर 50 मीटर रायफल आहे, .22 ची, धक्का नाहीच म्हणायचा, आणि तिथे 10 ची खूण 10.4 मिलिमीटरची. थ्री पोझिशनमध्ये गुडघ्यावर, पालथं आणि उभं असे 20-20 शॉट असतात, उभं असताना स्लिंग चालत नाही, बाकी दोन्हीत चालतो. 300 मीटरच्या स्पर्धा आहेत, ऑलिम्पिकमधून 1972 नंतर गेल्या पण जागतिक स्पर्धांमध्ये राहिल्या. स्वित्झर्लंडमध्ये तर सैन्यात नाव असलेल्यांना ठराविक वर्षांपर्यंत दरवर्षी 300 मीटरवर सक्तीचं फायरिंग करावंच लागतं आणि त्याच रेंजवर पुढे म्हातारपणापर्यंत लोक हौसेने मारत राहतात. म्हणजे चांदमारीतून खेळाकडे येणारे तुम्ही एकटे नाही, फार जुनी वाट आहे ही. पण मोठ्या बोअरकडे जायचं ते झोप नीट लागायला लागल्यावर, आणि कान झाकून.

तोवर 3 महिने एअर रायफल, आठवड्यातून दोन-तीन दिवस. निम्मा वेळ छर्रा न घालता, फक्त आधी कोचला विचारा की त्या रायफलला कोरड्या सरावाची सोय आहे का, मॅच रायफलला बहुतेक असते, साध्या स्प्रिंगच्या रायफलला नसते आणि तिचं नुकसान होतं. मार्क लिहायचेच नाहीत. एक वही ठेवा आणि प्रत्येक शॉटनंतर स्क्रीनकडे बघायच्या आधी लिहा की तो कुठे गेला असं वाटतं, घड्याळाच्या काट्याप्रमाणे, "4 वाजता, 9 च्या आसपास" असं, आणि मग बघा. तुमचा अंदाज आणि स्क्रीन जुळायला लागली की समजा तुम्हाला शॉट सुटताना साईट दिसतेय. भावाच्या वहीत सुरुवातीला दहातले दोन जुळायचे. दोन महिन्यांनी सात जुळत होते आणि मार्क अजून 90 च्या खालीच होते, तरी मी त्याला सांगितलं की आता काळजी नाही, मार्क येतील मागून.

आणि त्या मुलीशी बोला. खरंच. तिला विचारा की शॉट झाल्यावर तू किती वेळ थांबतेस, पाय कसे ठेवतेस. ती सांगेल, आनंदाने सांगेल, या वयात मोठ्या माणसाने काही विचारलेलं पोरांना फार आवडतं. तुमच्याकडूनही तिला घेण्यासारखं आहे. रायफल उचलायच्या आधी चेंबर बघायची, नळीचं तोंड कुठे आहे याकडे झोपेतही लक्ष असायची, कमांड मिळाली की हात जिथल्या तिथे थांबायची जी सवय तुमच्या हाडात आहे, ती क्लबातल्या बऱ्याच पोरांच्या अंगात अजून मुरलेली नसते. कोच तुमच्यापेक्षा 15 वर्षांनी लहान असला आणि त्याने पाय सरकवा म्हणून सांगितलं तर सरकवा. तिथे तुम्ही हवालदार नाही, सुभेदार नाही, आणि त्याचा त्रास काही दिवस होईल, माझ्या भावाला तर महिनाभर झाला, तो माझ्याकडून शिकून घ्यायला तयार नव्हता म्हणून मधे काही दिवस मी त्याला दुसऱ्या कोचकडे पाठवलं. आता आम्ही दोघं एकाच वेळी लेनवर उभे असतो.

पुन्हा जाल त्या दिवशी आधी एक करा. टार्गेट उलटं लावायला सांगा, कोरी पांढरी बाजू पुढे, काळा गोल नाही, रिंगा नाहीत, मार्क नाहीत. इलेक्ट्रॉनिक असेल तर त्यावर पांढरा कागद चिकटवून घ्या आणि स्क्रीन बंद करा. 20 शॉट त्या कोऱ्या कागदावर मारा, फक्त चापाची भिंत, गाल आणि पुढची साईट बघत. मग कागद घरी न्या, वहिनींना दाखवा, सगळी भोकं एका जागी जमलीत का पसरलीत ते दोघं मिळून बघा, आणि मला कळवा.